दम छातीचा, बळ पायांचं
(आपल्या सामुदायिक रेडिओवरच्या आरोग्य सदरात झालेलं बोलणं)

मागच्या खेपेला आपण गटाच्या हप्त्यांचा हिशेब कसा ठेवायचा ते बोललो होतो. आजचा विषय हिशेबाचा नाही. आज बोलायचंय ते जुनाट धाप लागणाऱ्या माणसांविषयी आणि त्यांच्या पायांविषयी. धाप छातीची, मग पाय मधेच कुठून आले, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्या वाटण्यापायी आमच्या घरात वर्षभर उलटाच उपचार चालला होता. म्हणून घरचीच गोष्ट आधी सांगते.

माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो, चौसष्ट वर्षांच्या आहेत. विडी नाही, तंबाखू नाही, मिश्रीसुद्धा नाही. पण लग्न होऊन आल्यापासून चूल. आधी शेणी आणि तुरकाठ्या, मग बाभळीचं सरपण. घरात गॅस आला तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापायचं, कारण सिलिंडर पुरवून वापरायचा. खोकला पंधरा वर्षांपासूनचा. थंडीत वाढायचा, उन्हाळ्यात कमी व्हायचा. सगळे म्हणायचे दमा आहे, आणि त्यावर गोळ्या चालायच्या. शेवटी जिल्ह्याच्या गावी नळीत फुंकायची तपासणी झाली. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, जोरात फुंका, आणखी, आणखी!" आत्याबाई म्हणाल्या, "आरं, जन्मभर फुंकणीच तर फुंकलीया, त्यानंच हे झालंय." तो हसला, पण बोलणं खरं होतं. कागदावर लिहून आलं, सीओपीडी. श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार.

डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला. आम्ही घरच्यांनी आपल्या अकलेनं आराम दिला. त्यांच्या हातातली बादली मीच काढून घेतली. "आत्याबाई, तुम्ही बसा, मी बघते." शेळीला चारा टाकायला मुलगा, देवळात जायला गाडी, पाणी प्यायचं तर जागेवर तांब्या. मनात माया होती, त्यात खोट नव्हती. पण सहा महिन्यांत त्या सोप्यातून परसात जायला दोनदा थांबू लागल्या. त्यात हिवाळ्यात छातीला कफ झाला आणि आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. घरी आल्या तेव्हा संडासात उकिडवं बसलं की उठता येईना. दारापाशी कुणीतरी उभं राहायला लागलं. ती लाज त्यांना इतकी लागली की त्यांनी जेवणच कमी केलं. पाणीही कमी. का, तर वरचेवर जायला नको. आम्हाला वाटलं आजाराने भूक गेली.

दाखवायला पुन्हा नेलं तेव्हा डॉक्टरांनी फिजिओथेरपीच्या ताईंकडे पाठवलं. त्या ताईंनी छातीला हातही लावला नाही. भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या, "हात छातीवर घडी घाला आणि न टेकता पाच वेळा उठून बसा." साठी-सत्तरीतल्या निरोगी माणसाला याला साधारण अकरा-बारा सेकंद लागतात. आत्याबाई दोनदा उठल्या आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावरून धपकन बसल्या. ताईंनी विचारलं, "दम लागला म्हणून बसलात, की पाय उचलेनात म्हणून?" आत्याबाई जरा विचार करून म्हणाल्या, "पायच गेलं." मी शेजारीच उभी होते. वर्षभर आम्ही छातीवर नजर ठेवून होतो, आणि हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

आता हे असं का होतं ते सांगते. मला जसं समजलं तसं सांगते.

या आजारात श्वासनळ्या सुजतात, कफाने भरतात, आणि फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे सैल पडतात. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. जुनी हवा अडकून राहते आणि नवीन घ्यायला जागा उरत नाही. धुराडं काजळीने बुजलं की घरात धूर कोंडतो, तसंच समजा. या धुराड्याची झालेली खराबी औषधाने पुरती निघत नाही. पंपाने ते थोडं उघडतं, सूज कमी होते, आणि म्हणून पंप सोडायचा नाही. पण ते पहिल्यासारखं रुंद होत नाही.

आता चुलीतल्या सरपणाकडे बघा. वाळलेलं लाकूड असलं तर जाळ चांगला आणि धूर थोडा. ओलं लाकूड घातलं तर जाळ कमी आणि धूर डोळ्यांत जाईपर्यंत. आपल्या पायाचा स्नायू म्हणजे ते सरपण. कामाची सवय असलेला स्नायू प्राणवायू नीट वापरतो, म्हणून चालताना त्यातून टाकाऊ वायू कमी निघतो. बसून बसून वाळलेला, म्हणजे बारीक झालेला स्नायू मात्र ओल्या लाकडासारखा वागतो. दहा पावलांतच त्यात आम्ल साठतं, पाय भरून येतात, आणि ते आम्ल निस्तरताना टाकाऊ वायू जास्त तयार होतो. तो बाहेर टाकायला जास्त श्वास घ्यावा लागतो. धुराडं तर आधीच बुजलेलं. मग धाप लागते, धापेच्या भीतीने माणूस आणखी बसतो, आणि बसला की स्नायू आणखी बारीक होतो. आमच्या घरात हेच रहाटगाडगं फिरत होतं, आणि त्याला धक्का आम्हीच देत होतो.

फार करून हे मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूत होतं. उठायला, पायरी चढायला, चालताना गुडघा सावरायला तोच लागतो. या आजाराच्या रुग्णांत त्या स्नायूची ताकद त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा साधारण २० ते ३० टक्के कमी आढळते. हातांची ताकद त्या मानाने टिकून राहते, कारण बसल्या जागी भाजी निवडणं, शेंगा फोडणं चालूच असतं. नुसतं बसणं हेच एक कारण नाही. आजाराची सूज अंगात भिनलेली असते, प्राणवायू कमी पडतो, खाणं घटतं, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या वरचेवर घ्याव्या लागल्या तर त्यानेही स्नायू खंगतो. म्हणून त्या गोळ्या डॉक्टरांनी जितके दिवस लिहिल्या तितकेच दिवस घ्यायच्या. आणि मैत्रिणींनो, बाजारात कुणी 'दम्याची पुडी' देतो, तिच्यात काय आहे हे तो लिहून देत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पूर्वी डॉक्टरही अशा रुग्णाला पडून राहा असंच सांगायचे, त्यामुळे आपलं फार चुकलं असं मानायचं कारण नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात थॉमस पेटी नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात अशा रुग्णांना चालवायला, व्यायाम शिकवायला सुरुवात केली. पुढे जगभर त्याचे अभ्यास झाले. २०१५ साली अशा ६५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात ३,८०० हून जास्त रुग्ण होते. ज्यांनी व्यायामाचा कार्यक्रम केला त्यांची धाप कमी झाली, ते जास्त लांब चालू लागले, रोजचं जगणं सोपं झालं. या कार्यक्रमाला फुप्फुसाचं पुनर्वसन म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त चालतो आणि पायांचा व्यायाम त्याचा गाभा असतो.

एक गोष्ट मात्र उघड सांगायला हवी, नाहीतर महिनाभराने तुम्ही मला नावं ठेवाल. पायांच्या व्यायामाने फुप्फुस सुधारत नाही. आत्याबाईंची नळी फुंकायची तपासणी नंतर पुन्हा झाली, आकडा तिथल्या तिथेच होता. धुराडं तेवढंच बुजलेलं आहे, फक्त सरपण वाळलं आहे. पण त्यांना त्या आकड्याशी काय देणंघेणं? त्यांना संडासातून आपल्या आपण उठायचं होतं.

सुरू करण्याआधी काय बघायचं ते सांगते. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे आणि थुंकी कधीच तपासली नाही, असं असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. क्षयरोग नाही याची खात्री हवी. आपल्या बायकांत रक्त कमी असण्याचं प्रमाण भरपूर आहे आणि त्यानेही धाप लागते, म्हणून हिमोग्लोबिन बघा. छातीत दुखतं, चालताना चक्कर येते, पायांवर सूज आहे, हृदयाचं दुखणं आहे, रक्तदाब ताब्यात नाही, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय व्यायामाला हात घालायचा नाही. आणि पहिल्या एक-दोन वेळा जमलं तर फिजिओथेरपिस्टच्या डोळ्यांसमोर करा. आम्हाला आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला जाणं परवडणारं नव्हतं. ताई म्हणाल्या, पंधरा दिवसांतून एकदा या, बाकी घरी करा, वहीत लिहून आणा. बचत गटाच्या बाईला वही ठेवायला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता व्यायाम. यातला राजा म्हणजे खुर्चीतून उठून बसणं. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या. प्लास्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते, तेव्हा ती नको. पाठ भिंतीला टेकवलेली हवी. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, एकमेकांपासून वीतभर लांब. नाकाने श्वास घ्यायचा, पुढे झुकायचं, आणि ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकत उठायचं. दिवा विझू नये, नुसती ज्योत हलावी, इतकं हळू फुंकायचं. उभं राहून एक श्वास घ्यायचा, मग पुन्हा फुंकत सावकाश बसायचं. धपकन बसायचं नाही. बसताना स्वतःला सावरून धरण्यातच मांडीला खरं काम पडतं. हात न लावता जमत नसेल तर सुरुवातीला हातांचा आधार घ्या. तरीही जमत नसेल किंवा गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर वाकळेची घडी ठेवून बसायची जागा उंच करा. आत्याबाईंनी दोन वाकळांपासून सुरुवात केली. तीन आठवड्यांनी एक काढली, पाचव्या आठवड्यात दुसरी.

श्वासाचा नियम सगळ्या व्यायामांना एकच आहे. जोर लावायचा तेव्हा श्वास सोडायचा. आपण हंडा उचलताना श्वास कोंडून धरतो, ती सवय इथे मोडायची. ओठ आवळून फुंकल्याने नळ्या थोडा वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. म्हणून घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्या. मनात एक-दोन म्हणत घ्यायचा, एक-दोन-तीन-चार म्हणत सोडायचा.

दुसरा व्यायाम बसल्या बसल्या. खुर्चीत नीट बसून एक पाय गुडघ्यातून सरळ करायचा, मांडी आवळून दोन-तीन आकडे मोजायचे, आणि हळू खाली आणायचा. मग दुसरा पाय. हे सोपं वाटायला लागलं की घोट्याला वजन बांधायचं. दुकानातून काही आणायला नको. जुन्या लुगड्याच्या कापडाची लांबट पिशवी शिवायची, त्यात अर्धा किलो वाळू तराजूत मोजून भरायची, आणि दोन्ही टोकांना बांधायला बंद ठेवायचे. पुढे पाऊण किलो, मग एक किलो. आमच्या पिशवीत वाळूऐवजी गहू भरले होते, त्याला पोरकिडे झाले. तेव्हा वाळूच भरा.

तिसरा, टाचा उचलणं. ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून चवड्यांवर उभं राहायचं आणि हळू खाली यायचं. याने पोटऱ्यांना बळ येतं. चौथा, पायरी. उंबऱ्याशेजारची बुटकी पायरी घ्या, बाजूला धरायला भिंत असू द्या. उजवा पाय वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. चढताना फुंकायचं. पायरी ओली किंवा शेणाने सारवलेली असेल तर पाय सटकतो, त्या दिवशी हा व्यायाम सोडा. पायात घसरती चप्पलही नको.

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, मग दोन-तीन मिनिटं विसावा, आणि जमेल तसं दुसरी पाळी, पुढे तिसरी. पहिल्या आठवड्यात चारपाच वेळाच जमलं तरी चालेल. हे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, कारण स्नायूला सावरायला वेळ लागतो. मधल्या दिवशी चालायचं. चालण्याचं माप आम्ही विजेच्या खांबांनी ठेवलं. पहिल्या दिवशी आत्याबाई घरापासून एका खांबापर्यंत गेल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. वहीत लिहिलं: खांब एक, विसावे एक.

किती दम लागू द्यायचा, हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण इथेच बाया घाबरतात. ताईंनी शून्य ते दहाची पट्टी शिकवली. शून्य म्हणजे दम अजिबात नाही. दहा म्हणजे आता जीव जातोय. व्यायामात चार ते सहाच्या मधे राहायचं. म्हणजे दोन-चार शब्द बोलता आले पाहिजेत, पण ओवी म्हणता येऊ नये. ओवी म्हणता येत असेल तर कष्ट कमी पडतायत. शब्दच फुटत नसेल तर थांबायचं, पुढे झुकून हात मांड्यांवर टेकवायचे आणि फुंकत राहायचं. धाप लागली की काहीतरी बिघडलं, असं आपल्या मनात बसलेलं असतं. व्यायामात लागणारी ही धाप बिघाडाची नाही. ती काही मिनिटांत खाली बसते. हे आत्याबाईंच्या अंगवळणी पडायला महिना लागला, आणि मला त्याहून जास्त. त्या खुर्चीतून उठायच्या तेव्हा माझाच हात आपोआप पुढे जायचा. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, हात मागं घे, तुझ्याच्यानं मला उठता येईना."

डॉक्टरांनी लगेच आराम देणारा पंप लिहून दिला असेल तर व्यायामाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी तो घ्यायचा का, हे त्यांनाच विचारा. बऱ्याच जणांना तसं सांगतात. करोनाच्या वेळी बोटाला लावायचं यंत्र गावोगाव आलं, ते आशाताईंकडे किंवा कुणाच्या घरी पडून असेल. ते लावून बघा. आकडा ८८ च्या खाली जात असेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, कारण अशा रुग्णाला व्यायामाच्या वेळी प्राणवायू लावावा लागू शकतो. पण बोट गार असलं किंवा नखाला रंग असला तर यंत्र खोटं बोलतं, तेव्हा माणसाच्या तोंडाकडेही बघा. ओठ निळसर पडले, छातीत कळ आली, गरगरलं, दरदरून घाम फुटला, तर व्यायाम तिथेच बंद आणि दवाखाना. मांडी दुसऱ्या दिवशी थोडी ठणकली तर घाबरू नका. लावणी केल्यावर कंबर ठणकते तसंच आहे ते.

खाण्याचं थोडक्यात सांगते. रिकाम्या पोटाने स्नायू वाढत नाही. नुसत्या भाकरी-चटणीवर तर नाहीच. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध-दही, आणि चालत असेल त्या घरी अंडं, मासे. मात्र एकदम पोटभर जेवलं की पोट वर दाबतं आणि धाप वाढते, म्हणून थोडं थोडं चार-पाच वेळा. जेवल्यावर लगेच व्यायाम नको. आत्याबाईंचं खाणं तेव्हा सुधारलं जेव्हा आम्ही संडासात भिंतीला धरायला लोखंडी गज बसवला. सुताराला आणि गवंड्याला मिळून एक दिवस लागला. हे आधी सुचायला हवं होतं.

आता गटात हमखास येणारा प्रश्न. "आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?" ज्या धडधाकट आहेत, रानात जातात, त्यांचं खरं आहे, त्यांच्या पायांना काम मिळतंच. पण मी बोलतेय ते आजारामुळे बसलेल्या बाईबद्दल. आणि घरकाम अन् व्यायाम यांत फरक आहे. भाकरी थापणं, धुणं, लुगडं वाळत टाकणं यात हात जास्त राबतात, आणि हात वर करून केलेल्या कामाला या आजारात धाप लवकर लागते. मांडीला तिची थोडी ताकद पणाला लागेल एवढं काम ठरवून, वाढवत वाढवत द्यावं लागतं, ते घरकामातून आपोआप होत नाही. आणि घरात चूल पेटलेली असेल तर त्या वेळी तिथे व्यायाम करायचा नाही. जोरात श्वास घेणार आणि धूरच आत नेणार, त्याला काय अर्थ आहे? आम्ही पाणी तापवायची चूल परसात उघड्यावर नेली. गॅस आहे तर गॅस वापरावा, हे मी सांगू शकते, पण सिलिंडरचा भाव मला ठाऊक आहे. म्हणून निदान आजारी माणसाला चुलीपाशी बसवू नका.

लाजेचं काय? साठीतली बाई अंगणात चवड्यांवर उभी राहते म्हटल्यावर शेजारणी हसणारच. आमच्याही हसल्या. "आता काय पोलिसात भरती व्हायचंय का?" असं एकीने विचारलं. मग मी एक युक्ती केली. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं सगळ्यांनीच खुर्चीतून उठायचं, असं ठरवलं. चाळिशीतल्या आमच्या एका सदस्येला हात न टेकता दहा वेळा उठता आलं नाही, तेव्हा हसणं बंद झालं. आणि त्यातूनच कळलं की आमच्या गावात आणखी दोन मावशा घरात अशाच बसून आहेत, पंधरा वर्षांच्या खोकल्यासकट. त्यातल्या एकीची नळीची तपासणी झालेलीच नव्हती. तिला आशाताईंसोबत ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. दुसरीचा मुलगा मात्र अजून ऐकत नाही. "आईला काम लावता का?" म्हणतो. त्याच्यावर मला राग धरता येत नाही, मी वर्षभर तेच म्हणत होते.

आठ आठवड्यांनी आत्याबाई पाच वेळा उठून बसल्या, एकोणीस सेकंदांत. खांब सहा, विसावे एक. संडासाला एकट्या जातात, गजाला धरून.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं समजू नका. दिवाळीच्या सुमारास त्यांचा कफ पिवळा-हिरवा झाला, ताप आला, धाप वाढली. असं झालं की व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं, वाट बघायची नाही. आम्ही गेलो, औषधं झाली. पण दहा दिवस पडून राहिल्यावर पुन्हा वाकळ खुर्चीवर आली. पाय किती लवकर जातात ते मी तेव्हा पाहिलं. महिन्याने आलेली ताकद आठवड्यात जाते. दुखणं उतरल्यावर ताईंनी थोडक्यात पुन्हा सुरू करायला सांगितलं, आधी बसल्या जागी पाय सरळ करायचा, मग उठणं. अशा दुखण्यानंतर काही आठवड्यांच्या आत व्यायाम पुन्हा धरला तर परत दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते, असंही त्या म्हणाल्या. आणि पूर्ण सोडून दिलं तर सहा महिने ते वर्षभरात केलेलं सगळं ओसरतं. म्हणजे हे काम आठ आठवड्यांचं नाही, पंपासारखंच कायमचं आहे. हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी ही खुर्ची आता माझ्यासंगंच जाणार." मग उठल्या, बसल्या, उठल्या.

आज सकाळी वहीत खांब चार आहेत. वाकळ एक आहे, ती पुढच्या आठवड्यात काढायची आहे.

तुमच्या गटात कुणी अशी बाई असेल तर पुढच्या बैठकीला तिला घेऊन या, गाडीवर बसवून आणलं तरी चालेल. सतरंजीसोबत एक जड खुर्ची आणि सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ लागेल. मोबाइलमधलंही चालतं. तिला विचारायचं तेवढं विसरू नका: दम लागला म्हणून बसलात, की पाय उचलेनात म्हणून?